खर्जाची तार

दिवाळीच्या आधी माळे साफ करायचे, ही घरोघरची रीत. गेल्या वर्षी डोंबिवलीला काकांकडे माळ्यावर चढलो, तो मी आणि माझा सतरा वर्षांचा मुलगा. तांब्याचा बंब, उसवलेल्या गाद्या, दोन खोकी भरून जुने दिवाळी अंक, एवढं सगळं खाली आल्यावर अगदी कोपऱ्यातून निघाली एक लांबट काळी पेटी. काकू म्हणाली, "अगंबाई, ही अजून आहे?" काका काहीच बोलले नाहीत. त्यांनी फडक्यानं धूळ पुसली आणि कड्या उघडल्या. आत त्यांची बेस गिटार होती. चाळीस वर्षांनी ती उजेड पाहत होती.

काका आज शहात्तर वर्षांचे आहेत. सत्तरच्या दशकात दिवसा सरकारी कचेरीत कारकुनी आणि शनिवार-रविवारी ऑर्केस्ट्रा, असा त्यांचा दुहेरी संसार होता. गणपतीचे मांडव, लग्नाची रिसेप्शनं, गिरगावातल्या चाळींचे चौक. बोटीवरून आलेल्या एका खलाशाकडून त्यांनी ही जपानी गिटार हप्त्यांनी घेतली होती. ऑर्केस्ट्रात टाळ्या गायकाला, 'वन्स मोअर' ढोलकीला, आणि पोरींच्या नजरा सॅक्सोफोनवाल्याकडे. बेसवाला मागे, ड्रमच्या शेजारी, अर्ध्या अंधारात. पुढे की-बोर्ड आले. खर्जाचं काम की-बोर्डवाल्याचा डावा हात करू लागला आणि ऑर्केस्ट्रावाल्याचं एक पाकीट वाचलं. १९८५च्या गणपतीनंतर काकांना बोलावणं आलं नाही. त्यांनीही कुणाला विचारलं नाही.

ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. साध्या गिटारला सहा तारा असतात, बेस गिटारला बहुधा चारच, पण चांगल्या जाडजूड. स्वर साध्या गिटारच्या एक सप्तक खाली. सगळ्यांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. माणसाच्या कानाला ऐकू येणाऱ्या आवाजाची खालची हद्द २०च्या आसपास धरतात, म्हणजे हा स्वर त्या हद्दीच्या बराच जवळचा. तबलजीच्या डाव्या हाताखाली डग्गा जे करतो, तेच थोडंफार ही गिटार करते. ती असली की सहसा कुणाचं लक्ष जात नाही. नसली की गाणं अधांतरी वाटतं.

काकांनी गिटार मांडीवर घेतली, तारा जुळवल्या आणि वाजवू लागले. दुसऱ्या मिनिटाला त्यांनी हात काढून घेतला. तारा गंजून खरखरीत झाल्या होत्या, आणि बोटांची पेरं आता सांधेदुखीनं सुजलेली. भर म्हणजे कान. गेल्या काही वर्षांत त्यांना बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे झालेत. मोबाईलची घंटी आपल्याला ऐकू येते, त्यांना नाही. पेटी बंद करत ते म्हणाले, "विकून टाक रे ही. नाहीतर पोराला दे. आता आपलं काम नाही."

पोराचे डोळे लकाकले. पण मला त्यांचं ते 'आपलं काम नाही' लागलं. निदान नव्या तारा तरी घालून बघू, असं ठरवून पुढच्या शनिवारी मी धोबी तलाव गाठलं. दुकानदारानं विचारलं, "फ्लॅटवाउंड की राउंडवाउंड?"

मी गप्प. तारेतही जाती असतात, हे मला माहीत नव्हतं.

फरक तसा सोपा आहे. क्रिकेटच्या बॅटचा दांडा आठवा. दांड्याभोवती गोल दोरा गुंडाळला तर बोटाला एकेक वेढा लागतो, दोन वेढ्यांमध्ये बारीक खाच राहते. त्याच दांड्याला चपटी फीत शेजारी शेजारी लावून गुंडाळली, तर हात गुळगुळीत फिरतो. बेसच्या तारेचंही असंच असतं. मध्ये पोलादी तारेचा गाभा. त्यावर गोल तार गुंडाळली की ती राउंडवाउंड, चपटी पट्टी गुंडाळली की फ्लॅटवाउंड. गोल गुंडाळून वरून घासून अर्धवट सपाट केलेली एक मधली जातही मिळते. पोलादावर काळ्या नायलॉनची फीत गुंडाळलेली आणखी एक असते.

एवढ्याशा फरकानं आवाज बदलतो तो असा. कुठलाही स्वर एकटा येत नाही. मूळ स्वरासोबत वरचे अनेक उपस्वर वाजत असतात, आणि आवाजाची चमक त्यांच्यात असते. तानपुऱ्याची जवारी लावणारा मिरजेचा कारागीर घोडीवर कानस फिरवतो, तेव्हा तो या उपस्वरांचाच हिशेब करत असतो. सतारीत खुल्या जवारीचा आवाज वेगळा आणि बंद जवारीचा वेगळा, हे जाणकार श्रोत्याला पहिल्या झंकारात कळतं. पंडित रविशंकर आणि उस्ताद विलायत खाँ यांच्या सतारींत हा भेद सरळ ऐकू येतो. राउंडवाउंड ही बेसची खुली जवारी समजा. आवाज खणखणीत, लांबवर टिकणारा, काहीसा पियानोच्या तारेसारखा. फ्लॅटवाउंड ही बंद जवारी. तिच्या वेढ्यांचं आपसातलं घर्षण आणि तारेचा ताठपणा वरचे उपस्वर लवकर शमवतात. उरतो तो मूळ स्वर, गोलसर, भरीव, थोडा आखूड. बोट सरकवताना होणारी ती 'चुंई' पण जवळजवळ नाहीशी होते.

दुकानदार म्हणाला, "काकांची बोटं दुखतात ना? मग फ्लॅट न्या." मी घेतल्या. माप विचारायचं मला सुचलं नाही आणि सांगायचंही नाही. त्याचा परिणाम पुढे येईलच.

घरी मुलानं पाकीट पाहून नाक मुरडलं. "बाबा, या म्हाताऱ्यांच्या तारा आहेत." तो 'आयर्न मेडन'चा भक्त. त्याला खणखणीत तारा हव्या होत्या, आणि गिटार आपल्यालाच मिळणार अशा हिशेबात तो होता. काकांचा हात एकीकडे, पोराचा कान दुसरीकडे, आणि वाद्य एकच. वाद मिटवायला मी वाचायला बसलो. पहिली गंमत हाती लागली ती अशी, की त्या 'आयर्न मेडन'चा बेसवादक स्टीव्ह हॅरिस फ्लॅटवाउंडच वाजवतो. पोरगं थोडा वेळ गप्प झालं.

दुसरी गोष्ट मोठी होती. ती समजून घ्यायला अमेरिकेतल्या डेट्रॉइटला जावं लागतं.

डेट्रॉइट हे मोटारींच्या कारखान्यांचं शहर. १९५९ साली बेरी गॉर्डी नावाच्या तरुणानं घरच्यांकडून ८०० डॉलर कर्जाऊ घेऊन तिथं रेकॉर्ड कंपनी काढली. मोटारींच्या गावची म्हणून पुढे तिचं नाव 'मोटाऊन' झालं. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या एका साध्या घरात तिचा स्टुडिओ होता. गायक बदलत, वादकांचा ताफा तोच राही. या ताफ्यात बेस वाजवायचा जेम्स जेमर्सन.

जेमर्सनचा जन्म १९३६ सालचा, साउथ कॅरोलायनातला. १९५४मध्ये तो आईबरोबर डेट्रॉइटला आला आणि शाळेत उभा, लाकडी डबल बेस शिकला. पुढे तो इलेक्ट्रिक बेसकडे वळला. त्याची १९६२ सालची फेंडर प्रिसिजन गिटार आज दंतकथा झाली आहे. तिच्यावर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड तारा होत्या. सगळ्यांत बारीक तार इंचाच्या ५२ हजारांश भागाएवढी, सगळ्यांत जाड ११० हजारांश, म्हणजे पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास. वाजवायचा उजव्या हाताच्या एकाच बोटानं. घोडीवरच्या झाकणाखाली फोमचा तुकडा असे, त्यामुळे स्वर फार लांबत नसे. आणि तारा तो बदलतच नसे. तुटली तरच नवी. हातचा मळ बसलेल्या जुन्या तारेतच खरी गंमत आहे, असं तो मानत असे.

'टेम्प्टेशन्स'चं १९६४चं 'माय गर्ल' कुठं ऐकायला मिळालं तर जरूर ऐका. गाण्याची सुरुवातच खर्जातल्या मोजक्या ठोक्यांनी होते. एका बोटाचं ते काम आहे. त्यात चमक नाही, लांबण नाही. पण ते काढून घेतलं तर पुढचं गाणं कशावर उभं राहील, ते सुचत नाही.

मोटाऊनच्या रेकॉर्डवर गायकांची छायाचित्रं असत, वादकांची नावं बहुधा नसत. १९७१ साली मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या रेकॉर्डवर वादकांची नावं छापली गेली. तोवर जेमर्सन दहा-बारा वर्षं वाजवत होता. हे वाचताना मला आपली मुंबई आठवली. हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डवर संगीतकार, गीतकार, गायक असत. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात बेस वाजवणाऱ्या टोनी वाझसारख्या गोव्याकडच्या वादकांची नावं श्रोत्यांपर्यंत पोहोचायला पुष्कळ वर्षं जावी लागली. काका तर ऑर्केस्ट्रातले. त्यांचं नाव मांडवातल्या फळ्यावरसुद्धा नसे.

आता तारेच्या गोष्टीतला दुसरा भाग. इलेक्ट्रिक बेस बाजारात आली १९५१ साली, लिओ फेंडरच्या कारखान्यातून. पुढची दहा-पंधरा वर्षं बेस म्हटलं की तार सपाटच असायची. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीनं १९६१मध्ये हॅम्बुर्गला घेतलेल्या, व्हायोलिनच्या आकाराच्या होफनर बेसवरही सपाट ताराच होत्या. मग १९६६च्या सुमाराला इंग्लंडमध्ये 'द हू'चा जॉन एंटविसल आणि रोटोसाउंडचे जेम्स हाऊ यांनी मिळून बेससाठी गोल गुंडाळीची तार सिद्ध केली. एंटविसलला बेस मागे राहायला नको होती. गर्जना करत ती पुढे यायला हवी होती. ती आली. सत्तरच्या दशकात बेसवाले अंगठ्यानं तारेवर आपटून वाजवू लागले, त्यांना खणखणाट हवाच होता. बघता बघता राउंडवाउंड हा रिवाज झाला.

मोटाऊननं १९७२मध्ये डेट्रॉइट सोडून लॉस एंजलिस गाठलं. पाठोपाठ जेमर्सनही गेला. तिथं नवा आवाज, नव्या तारा, नव्या तऱ्हा मागितल्या जात होत्या. जेमर्सन आपली जुनी तऱ्हा सोडायला राजी नव्हता. त्यात दारूचं व्यसन. काम कमी कमी होत गेलं. १९८३च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ४७व्या वर्षी तो गेला. जाण्याच्या थोडेच दिवस आधी त्याची ती गिटारही चोरीला गेली होती. साथीच्या वादकांचा सन्मान अमेरिकेच्या 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'नं २०००मध्ये सुरू केला, तेव्हा पहिल्या तुकडीत त्याचं नाव होतं.

मी हे काकांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "त्यानं तार बदलली नाही म्हणून काम गेलं. मी बदलली होती." मग त्यांनी सांगितलं. डिस्कोची गाणी आली तेव्हा ऑर्केस्ट्रावाला म्हणाला, आवाज चमकला पाहिजे. काकांनी सपाट तारा काढून राउंडवाउंड घातल्या. त्या महाग. त्यांच्या खाचांत घाम आणि मळ बसला की काही आठवड्यांतच चमक जाई. मग बेसवाल्यांची जुनी युक्ती, तारा पाण्यात उकळायच्या. आतून काकूचा आवाज आला, "माझ्या दुधाच्या पातेल्यात! तीनदा!" काका हसले. "आणि शेवटी तरी काय झालं? की-बोर्ड आलाच."

म्हणजे माळ्यावर गंजत पडल्या होत्या त्या तारा मुळात काकांच्या आवडीच्या नव्हत्याच. हे मला त्या दिवशी कळलं.

आता माझ्या चुकीबद्दल. बेस गिटारची एक मोजायची लांबी असते, मानेच्या टोकाच्या खाचा असलेल्या पट्टीपासून घोडीपर्यंत. प्रचलित लांब माप ३४ इंच, आखूड माप ३० इंच. काकांची गिटार आखूड निघाली आणि मी आणलेला सेट लांब मापाचा. लांब मापाच्या तारेचा जाड भाग आखूड गिटारवर थेट खुंटीपर्यंत पोहोचला. तिथं तो वळवताना सपाट पट्टीचे वेढे उकलले आणि तार गेली. दुसरी तार मी आधीच शहाणपणानं कापून ठेवली होती. सपाट तार कापण्यापूर्वी कापायच्या जागेच्या अलीकडे काटकोनात वाकवून घ्यावी लागते, नाहीतर वरची पट्टी गाभ्यावरून सुटते. तीही सुटली. चार आकडी रक्कम दहा मिनिटांत पाण्यात. काका म्हणाले, "अरे, आधी टेप लावायची." ते वाक्य कापड फाडण्यापूर्वी शिंपी म्हणेल तसं होतं, आणि तितकंच खरं.

दुसऱ्या खेपेला आम्ही तिघंही गेलो, टेपनं मापं घेऊन. त्यातून जे शिकलो ते सांगतो. कुणाच्या घरी असंच काही माळ्यावर असेल, तर उपयोगी पडेल.

पहिलं माप लांबीचं. दुसरी गोष्ट ताण. साधारण ३४ इंची गिटारच्या चार तारा मिळून मानेवर ७० ते ८० किलोचा ताण देतात. सपाट तारा बोटाला मऊ लागतात म्हणून त्या सैलही असतील, असं समजू नये. पुष्कळ सपाट तारा गोल तारांपेक्षा ताठ असतात. जेमर्सनच्या जाडीच्या तारा दाबायला पंजात जोर लागतो, आणि जुन्या, अशक्त मानेला त्या सोसतीलच असं नाही. व्हिएन्नाच्या थोमास्टिक-इनफेल्डसारखे काही कारखाने मुद्दाम कमी ताणाच्या सपाट तारा करतात. दुखऱ्या बोटांना गुळगुळीतपणाइतकाच हा कमी ताण महत्त्वाचा. म्हणून पाकिटावर जाडीच्या आकड्यांबरोबर ताण दिला असेल, तर तोही वाचावा.

तिसरं, पैसे. सपाट सेट महाग पडतो. पण तिच्यात मळ साठायला खाचा नाहीत, आणि चमकीवर तिची भिस्तही नाही, त्यामुळे ती वर्षानुवर्षं चालते. गिटारचे पडदेही कमी झिजतात. चौथं, तारा एकेक करून बदलाव्यात. सगळ्या एकदम काढल्या की मानेवरचा ताण एकाएकी जातो. शेवटचं म्हणजे धीर. नवी सपाट तार पहिले काही दिवस जरा धातूसारखीच वाजते. पहिल्या दिवशी तिच्यावर निकाल देऊ नये.

आणि पोराचं म्हणणं? तेही चूक नव्हतं. ज्याला बेस पुढे आणून वाजवायची आहे, अंगठ्यानं आपटायची आहे, त्यानं गोल तार घ्यावी. चांगली तार, वाईट तार असं काही नसतं. हात कुणाचा, वाद्य कुठलं आणि सोबतीला कोण, एवढंच विचारायचं असतं. या वेळी हात काकांचा होता. मुलानं ते स्वतःच मान्य केलं. "आजोबा, ही तुमचीच. मी माझी घेईन," असं म्हणून त्यानं पैसे साठवायला घेतले. त्याला अजूनही गोल ताराच हव्या आहेत.

३० इंची, कमी ताणाचा सपाट सेट आम्ही आणला. तारा काकांनी स्वतः चढवल्या, प्रत्येक टोक वाकवून मगच कापलं. जेमर्सनचा फोम त्यांच्या लक्षात होता. त्यांनी स्वयंपाकघरातून भांडी घासायचा नवा स्पंज आणला, सुरीनं पट्टी कापली आणि घोडीजवळ तारांखाली सरकवली. मग वाजवलं. सुरुवातीला बोटं अडखळली. पण हात काढून घेतला नाही. मी विचारलं, "काका, नीट ऐकू येतंय का?" त्यांनी गिटारचं लाकूड छातीला टेकवलं. "कानानं थोडं, इथून बरंच."

आता रोज सकाळी अर्धा तास वाजवतात, त्याहून जास्त बोटं चालत नाहीत. रेडिओवर जुनी गाणी लागतात, त्यांच्याखाली आपला खर्ज धरतात. मध्यंतरी एका रविवारी मी तिथं होतो. काकू आत पोळ्या लाटत होती, काका बाहेर वाजवत होते. गाणं चालू असतानाच त्यांनी बोटांना विसावा द्यायला हात थांबवला. रेडिओ सुरूच होता, गायिका गातच होती. आतून लाटणं थांबल्याचा आवाज आला आणि काकूनं विचारलं, "अहो, का थांबलात?"